रॉक संगीत, रणधर्म आणि मॉर्मन धर्मपीठ

१९७३ सालच्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील युटा संस्थानाच्या राजधानीत, म्हणजे सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मन धर्मसंघाचे अर्धवार्षिक महाअधिवेशन भरले असता बारा प्रेषितांच्या मंडळातील बॉइड पॅकर हे बोलावयास उभे राहिले, आणि त्यांनी विषय घेतला तो संगीताचा. मन हे एक रंगपीठ आहे, त्यावर कोणते ना कोणते पात्र सदैव वावरत असते, आणि कुविचाराचे पात्र विंगेतून डोकावू लागले की एखादे आवडते भक्तिगीत मनातल्या मनात म्हणून त्याला हुसकून लावावे, असा साधा आणि उपयोगी तोडगा त्यांनी तरुणांना सांगितला. त्याचबरोबर रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्कश संगीताविषयी निःसंदिग्ध इशाराही दिला. त्याच वर्षाच्या जानेवारीत पॅरिस येथे व्हिएतनामच्या तहावर सह्या झाल्या होत्या, सक्तीची सैन्यभरती बंद होऊन थोडेच महिने लोटले होते, आणि त्या युद्धाने अमेरिकेतील घराघरांत पाडलेली दुफळी अद्याप सांधली गेली नव्हती. पॅकर स्वतः दुसऱ्या महायुद्धात हवाई दलातील वैमानिक होते. युद्ध म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

एका भाषणावरून साऱ्या धर्मसंघाची परीक्षा करणे अन्यायाचे होईल हे खरे. परंतु या धर्मपीठाच्या विसाव्या शतकातील दप्तराची पाने जो कोणी चाळील त्याला एक विसंगती पदोपदी जाणवल्यावाचून राहणार नाही. ज्या गिटारविषयी धर्मग्रंथांत एक अक्षरही असणे शक्य नव्हते, तिच्याविषयी धर्मपीठाची वाणी स्पष्ट, नेमकी आणि आज्ञार्थी. आणि ज्या युद्धाविषयी त्याच धर्मग्रंथांत अध्यायांमागून अध्याय खर्ची पडले आहेत, त्याविषयी मात्र ती सावध आणि दुहेरी. युद्ध हे निंद्य होय असे एका वाक्यात सांगावयाचे आणि सरकारचा हुकूम सुटला की शस्त्र उचलणे हे कर्तव्य होय असे लगेच पुढच्या वाक्यात, ही या धर्मपीठाची रीतच होऊन बसली. तिला अपवाद घडले, आणि ते थोर अपवाद होते. पण ते अपवादच. नवल असे की धर्मपीठाने अर्ध्यावर सोडलेला हा प्रश्न पुढे हाती घेतला तो त्याच संप्रदायात वाढलेल्या एका रॉक गायकाने.

मॉर्मन हे लोकांनी पाडलेले नाव. ‘उत्तरकालीन संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च’ अशा अर्थाचे लांबलचक नाव हे या संघाचे अधिकृत अभिधान. १८३० साली न्यूयॉर्क संस्थानात जोसेफ स्मिथ नावाच्या, वयाची पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने तो स्थापन केला. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील प्राचीन लेख आपण ईश्वरी साहाय्याने भाषांतरित केला असे त्याचे सांगणे होते, आणि तोच ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ. संघाचा अध्यक्ष हा जिवंत संदेष्टा मानला जातो. तो आणि त्याचे सल्लागार मिळून प्रथम अध्यक्षमंडळ, त्याखाली बारा प्रेषित, आणि या मंडळींचा शब्द म्हणजे केवळ वडीलधाऱ्यांचा उपदेश नव्हे, तर जवळजवळ श्रुतिवाक्य. दारू आणि तंबाखू तर वर्ज्य आहेतच, पण चहा आणि कॉफीही वर्ज्य, हे ऐकून मराठी वाचकाला या संप्रदायाच्या मनोनिग्रहाची खरी कल्पना यावी. संगीताचे मात्र त्यांना कधीच वावडे नव्हते. स्थापनेच्याच वर्षी स्मिथने आपल्या पत्नीला, एमाला, भक्तिगीतांचा संग्रह करण्याचा दैवी आदेश सांगितला. त्याचा वारसदार ब्रिगम यंग हा तर नृत्याचा आणि नाटकाचा शौकीन, आणि वाळवंटात वसविलेल्या त्या नव्या नगरीत १८६२ साली त्याने मोठे नाट्यगृह उभे केले. तेव्हा पुढे रॉकवर जो कोप झाला तो संगीतद्वेष्ट्या विरागी मंडळींचा नव्हता, गाणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

युद्धासंबंधी या संप्रदायाची ग्रंथसंपत्ती मोठी आहे, आणि तिच्यात परस्परविरोधही तेवढाच आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा तसा पाहता एका दीर्घ रणसंग्रामाचा इतिहास. त्याच्या आरंभीच नीफाय हा सत्पुरुष, पवित्र लेख हस्तगत करण्यासाठी, धुंदीत पडलेल्या लेबन नावाच्या माणसाचा वध करतो, आणि तोही मनाची तयारी नसताना, दैवी प्रेरणेने. पुढे मोरोनाय हा सेनानी आपल्या अंगरख्याची चिरफाड करून त्याचा ध्वज करतो आणि धर्म, स्वातंत्र्य व बायकामुले यांच्या रक्षणासाठी लोकांस हाक देतो. पण याच ग्रंथात, पूर्वी हिंसाचारात आयुष्य घालविलेले आणि नंतर धर्मांतर केलेले असे काही लोक आहेत की जे आपली शस्त्रे जमिनीत खोल पुरून टाकतात आणि शत्रू चालून आला असता प्रतिकार न करता प्रार्थना करीत मृत्यू पत्करतात. त्यांची मुले मात्र, ती शपथ त्यांनी घेतलेली नसल्यामुळे, पुढे सैनिक होतात. आणि ज्याच्या नावाने हा ग्रंथ ओळखला जातो तो मॉर्मन, हा स्वतः सेनापती असूनही, आपली माणसे सूडाने पिसाट झाली आहेत असे पाहून एकदा सेनापतिपदाचा राजीनामा देतो. याखेरीज १८३३ साली, मिझूरी संस्थानात मॉर्मनांच्या घरादारांवर जमाव चालून येत असता, स्मिथने एक साक्षात्कार प्रसिद्ध केला. त्यात अनुयायांनी युद्धापासून पराङ्मुख होऊन शांततेचा पुकारा करावा, शत्रूचा अपराध वारंवार सोसावा, आणि शस्त्र उचलण्यापूर्वी त्याच्यापुढे तहाचे निशाण तीन वेळा धरावे, असा आदेश आहे. ज्यांच्या घरांवर हल्ले होत होते त्यांना सांगितलेली ही आज्ञा आहे, हे विसरून चालत नाही. मात्र दुसऱ्या पारड्यात एक वजन पडले: राजे, अध्यक्ष आणि दंडाधिकारी यांच्या आज्ञेत राहणे हे संघाच्या तेरा श्रद्धासूत्रांपैकी बारावे सूत्र होय. पुढच्या काळात युद्धाचा प्रसंग आला की साक्षात्कार मागे पडे आणि बारावे सूत्र पुढे होई.

एकोणिसाव्या शतकाचा वृत्तांत येथे त्वरेने आटोपता येईल. १८३८ साली मिझूरीच्या गव्हर्नराने मॉर्मनांस हुसकावण्याचा वा नामशेष करण्याचा हुकूम काढला. १८४४ साली स्मिथ तुरुंगातच जमावाच्या गोळ्यांना बळी पडला. १८४७ साली यंगने आपले लोक रॉकी पर्वतापलीकडे नेले. मधल्या काळात, मेक्सिकोशी चाललेल्या युद्धासाठी सुमारे पाचशे मॉर्मनांची पलटण सरकारने उभारली. या पलटणीने कॅलिफोर्नियापर्यंत प्रचंड पायपीट केली. पण तिची जी एकमेव ‘लढाई’ नमूद आहे ती मेक्सिकन फौजेशी नव्हे, वाटेत अंगावर आलेल्या रानबैलांशी झालेली. पुढे १८५७ साली अमेरिकन सरकारने युटाकडे फौज रवाना केली असता त्या भयाच्या वातावरणात माउंटन मेडोज येथे मॉर्मन सशस्त्र पथकाने आर्कान्सासहून आलेल्या वाटसरूंच्या तांड्यातील सुमारे एकशे वीस जणांची, त्यांना अभय देऊन, कत्तल केली. हा डाग संप्रदायाच्या इतिहासावरून पुसला गेलेला नाही. १८९६ साली युटाला संस्थानाचा दर्जा मिळाला आणि अवघ्या दोन वर्षांत स्पेनशी युद्ध जुंपले. ब्रिगम यंग यांचे चिरंजीव, जे स्वतः प्रेषित होते, ते तरुणांच्या भरतीविरुद्ध बोलू लागले. पण अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी त्यांस आवरले. नुकतेच पदरात घेतलेल्या सरकारला आपली राजनिष्ठा सिद्ध करून दाखविण्याची ती संधी होती. कोणत्या युद्धात पडावे आणि कोणत्या युद्धात पडू नये हे धर्मपीठाने स्वतः ठरविण्याचा काळ येथे संपला, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरचा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे ६ एप्रिल १९४२ रोजी महाअधिवेशनात वाचला गेलेला प्रथम अध्यक्षमंडळाचा जाहीरनामा. त्या मंडळातील रुबेन क्लार्क हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, मेक्सिकोत वकिलात सांभाळलेले मुरब्बी मुत्सद्दी, आणि वृत्तीने कट्टर युद्धविरोधी. जाहीरनाम्यात म्हटले आहे ते थोडक्यात असे: चर्च हे युद्धाच्या विरुद्ध आहे आणि असलेच पाहिजे, आपसातील तंटे सोडविण्याचा तो धर्म्य मार्ग नव्हे, तथापि सरकारने बोलाविले असता नागरिकाने जावे, आणि वरिष्ठांच्या आज्ञेने ज्याने प्राण घेतले त्याच्या माथी खुनाचे पातक नाही, ते त्यास युद्धात लोटणाऱ्या राज्यकर्त्यांच्या माथी. या युक्तिवादात शिपायाविषयी अपार करुणा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दोन्ही बाजूंच्या सैन्यांत मॉर्मन होते, आणि कोणा एका बाजूच्या आईला तिचा मुलगा खुनी आहे असे सांगणे धर्मपीठास शक्य नव्हते. पण शिपायाचे पाप काढून घेतले की त्याच्याबरोबर त्याचा विवेकही काढून घेतला जातो, हे त्या मुत्सद्द्याच्या ध्यानात आले नसेल असे वाटत नाही.

कारण त्याच वर्षाच्या अखेरीस, २७ ऑक्टोबर १९४२ रोजी, बर्लिनच्या प्लेट्झनझे तुरुंगात हेल्मुट ह्यूबेनर नावाच्या सतरा वर्षांच्या एका जर्मन मॉर्मन मुलाचा शिरच्छेद झाला. हॅम्बुर्गचा हा पोरगा रात्री चोरून ब्रिटिश रेडिओ ऐके, ऐकलेल्या बातम्यांची पत्रके टंकलिखित करी आणि दोघा मॉर्मन मित्रांच्या मदतीने ती शहरात वाटी. त्याच्या अटकेनंतर तेथील शाखेच्या प्रमुखाने, जो स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता, त्याला संघाबाहेर काढले. बारावे सूत्र त्या प्रमुखाच्या बाजूला होते. युद्ध संपल्यावर सॉल्ट लेकच्या वरिष्ठांनी तो बहिष्कार रद्द ठरविला, ही त्यांची न्यायबुद्धी; पण १९७६ साली ब्रिगम यंग विद्यापीठात ह्यूबेनरच्या जीवनावर नाटक झाले, प्रेक्षकांनी ते उचलून धरले, तेव्हा त्याचे पुढे प्रयोग होऊ नयेत अशी इच्छा वरूनच व्यक्त झाली. पूर्व जर्मनीतील मॉर्मन कुटुंबे त्या वेळी साम्यवादी राजवटीखाली जगत होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

क्लार्क यांनी १९४६ साली महाअधिवेशनाच्या व्यासपीठावरूनच अणुबाँबच्या वापराचा कडक निषेध केला, आणि त्याआधीच्या डिसेंबरात अध्यक्षमंडळाने शांतताकाळातील सक्तीच्या लष्करी शिक्षणाला विरोध करणारे पत्र युटाच्या लोकप्रतिनिधींना धाडले. हा सूर टिकता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. तो टिकला नाही, याचे कारण समजून घेण्यासाठी मॉर्मन तत्त्वज्ञानातील एका कल्पनेकडे वळावे लागते. मनुष्यजन्मापूर्वी सारे आत्मे स्वर्गात असता तेथे एक युद्ध झाले, अशी त्यांची श्रद्धा आहे. लूसिफरची योजना अशी की सर्वांस बळजबरीने सन्मार्गास लावून एकही आत्मा न गमावता परत आणावा. ख्रिस्ताने उचलून धरलेली योजना अशी की प्रत्येकास निवडीचे स्वातंत्र्य असावे, मग काही चुकले तरी चालेल. ती पहिली योजना हरली आणि तिचा पुरस्कर्ता स्वर्गातून हद्दपार झाला. शीतयुद्धाच्या काळात एझ्रा टाफ्ट बेन्सन यांच्यासारख्या प्रेषितांस साम्यवाद म्हणजे त्या पराभूत योजनेचीच पृथ्वीवरील पुनरावृत्ती दिसू लागली, यात आश्चर्य नाही. बेन्सन हे आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात आठ वर्षे शेतीमंत्री होते, पुढे संघाचे अध्यक्षही झाले. व्हिएतनाम हे त्यांच्या दृष्टीने एका दूरच्या देशातील भाऊबंदकीचे युद्ध नव्हतेच. ते स्वर्गातील युद्धाचा पुढचा अंक होते.

इतर नेत्यांची भाषा बेन्सन यांच्याइतकी प्रखर नव्हती. आशिया खंडातील कामाची देखरेख ज्यांच्याकडे होती त्या गॉर्डन हिंकली यांनी सायगावला जाऊन तरुण शिपायांच्या भेटी घेतल्या, आणि १९६८ च्या अधिवेशनात त्यांनी युद्धाच्या काळ्या वस्त्रात धर्मप्रसाराचा एक रुपेरी धागा आपणांस दिसतो असे सांगितले. वाक्य सुंदर, पण ज्यांच्या गावांवर बाँब पडत होते त्यांस तो धागा दिसणे कठीण. भरतीच्या नियमांमुळे मिशनवर जाणाऱ्या तरुणांची संख्या प्रत्येक वॉर्डामागे, म्हणजे स्थानिक मंडळीमागे, सहा महिन्यांस एक अशी मर्यादित झाली होती, म्हणजे एका घरचा मुलगा धर्मप्रसाराला आणि शेजारच्या घरचा मुलगा रणांगणावर, अशी वाटणी स्थानिक बिशपच्या पदरी आली. विवेकास्तव युद्धास नकार देणाऱ्याला चर्चने मज्जाव केला नाही, पण केवळ मॉर्मन असणे हे त्या नकाराचे कारण होऊ शकत नाही असेही बजावले. उघड विरोध करणारे विरळा. त्यांपैकी ह्यू निब्ली हे ब्रिगम यंग विद्यापीठातील पंडित विशेष लक्षात राहतात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते स्वतः उतरले होते, आणि व्हिएतनामचा निषेध त्यांनी त्या १८३३ सालच्या साक्षात्काराचाच आधार घेऊन केला.

याच वर्षांत रॉक संगीताने अमेरिकेतील तरुणांची मने व्यापली आणि याच वर्षांत ते युद्धविरोधाचे वाहन झाले. धर्मपीठाच्या कानांवर हे दोन्ही आवाज एकदमच आले. लांब केस, मादक द्रव्ये, स्वैराचार आणि सैन्यभरतीचे कार्ड जाळणे या सर्वांचे त्यांच्या मनात एकच गाठोडे झाले. १९७१ च्या ऑक्टोबरात बेन्सन यांनी तरुणांवरील सैतानी हल्ल्याविषयी जे भाषण केले, त्यात रॉक संगीताचे उत्सव हे त्या हल्ल्याचे प्रमुख हत्यार ठरविले. त्यांच्या सर्व आक्षेपांना हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्या काळातील कित्येक गुणी वादक तिशीही न पाहता मादक द्रव्यांनी गेले, ही वस्तुस्थिती आहे. आमचा आक्षेप एवढाच की गाठोडे सोडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. ताल किती जलद आणि आवाज किती मोठा, याकडे ज्यांचे लक्ष होते त्यांनी त्या आवाजात काय विचारले जात आहे याकडे कान दिला नाही. आणि विचारले जात होते ते बहुधा तेच, जे सेनापती मॉर्मनने राजीनामा देताना आपल्या लोकांस विचारले होते.

संप्रदायातले तरुण तरीही गिटार हाती घेतच होते. युटातील ऑग्डनचे ऑस्मंड बंधू हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले. १९७१ साली त्यांच्या ‘वन बॅड ॲपल’ने विक्रीच्या यादीत पहिले स्थान मिळविले, आणि पुढच्याच वर्षी, गोड चेहऱ्याच्या या निर्व्यसनी मुलांनी ‘क्रेझी हॉर्सेस’ नावाचे असे काही दणदणीत रॉक गाणे केले की खुद्द त्यांचे चाहते चपापले. विषय होता मोटारींच्या धुराने होणारे प्रदूषण. १९७३ साली, म्हणजे पॅकर यांच्या त्या भाषणाच्याच वर्षी, त्यांनी ‘द प्लॅन’ या नावाची एक सबंध तबकडी मॉर्मन तत्त्वज्ञानावर रचली आणि तिच्यातल्या एका गाण्याला स्वर्गातील त्या युद्धाचेच नाव दिले. एकीकडे व्यासपीठावरून रॉकला हद्दपारी आणि दुसरीकडे त्याच रॉकमधून संघाच्या गाभ्यातील सिद्धान्ताचा प्रचार, हा योग विनोदी खराच. तथापि ऑस्मंडांनी स्वर्गातील युद्ध गायिले. पृथ्वीवरील युद्धाच्या वाटेस ते गेले नाहीत.

त्या वाटेस एक कॅनेडियन मॉर्मन गेला, आणि तोही अभावितपणे. ‘द गेस हू’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक रँडी बॅकमन याने १९६६ साली मॉर्मन पंथ स्वीकारला होता. एका कार्यक्रमात गिटारची तार तुटली, ती बदलून सूर जुळवीत असता त्याच्या बोटांतून एक जड, ठाम स्वरावली निघाली, ती हरवू नये म्हणून तो ती वाजवीत राहिला, आणि गायक बर्टन कमिंग्ज याने तिच्यावर उत्स्फूर्तपणे शब्द बसविले: ‘अमेरिकन वुमन’ या गाण्याच्या जन्माची कथा ती ही. १९७० च्या मे महिन्यात, ओहायोतील केंट येथे युद्धविरोधी विद्यार्थ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या त्याच सुमारास, हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते आणि युद्धखोर अमेरिकेस केलेला रामराम म्हणून ते लोकांनी डोक्यावर घेतले. बॅकमनही ते युद्धविरोधीच मानतो. कमिंग्जचे म्हणणे निराळे, त्याच्या मते ते केवळ अमेरिकन स्त्रियांविषयी आहे. काही असो, त्या उन्हाळ्यात अध्यक्ष निक्सन यांच्या निवासस्थानी वाद्यवृंदाला आमंत्रण आले तेव्हा हे गाणे गाळावे अशी सूचना त्यास मिळाली. बॅकमन तोवर बाहेर पडला होता. प्रकृतीच्या तक्रारींबरोबरच, आपल्या धर्माचरणाशी सहकाऱ्यांच्या राहणीचा मेळ बसत नाही, हेही त्याचे एक कारण. पुढे त्याने स्वतःचा वृंद काढला आणि त्यात दारू व मादक द्रव्यांस बंदी घातली. धर्मपीठाला हवा होता तसा निष्कलंक रॉक वादक तो हाच. फक्त त्याच्या सर्वांत प्रसिद्ध स्वरावलीवर निघालेला अर्थ धर्मपीठाला नको असलेला.

आता तो थोर अपवाद. स्पेन्सर किंबॉल हे १९७३ च्या अखेरीस अध्यक्ष झाले तेव्हा वृद्ध होते. कंठाच्या कर्करोगामुळे स्वरतंतू बहुतेक गमावलेले, आवाज घोगरा आणि क्षीण. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे नगारे वाजत असता, संघाच्या मासिकात त्यांनी आपल्याच लोकांस उद्देशून लेख लिहिला: आपण युद्धखोर लोक आहोत, धोक्याची चाहूल लागताच ईश्वराऐवजी विमाने, तोफा आणि क्षेपणास्त्रे यांवर विसंबतो, आणि ही मूर्तिपूजाच होय. एखाद्या धर्मप्रमुखाने देशाच्या उत्सवात इतके कटू बोलावे याला धैर्य लागते. पाच वर्षांनी त्या शब्दांना कृतीची जोड मिळाली. कार्टर सरकारने १९७९ साली युटा आणि नेवाडाच्या वाळवंटात दोनशे ‘एम एक्स’ क्षेपणास्त्रे ४,६०० आश्रयस्थानांतून सतत हलवीत ठेवण्याची अवाढव्य योजना मंजूर केली होती. ५ मे १९८१ रोजी अध्यक्षमंडळाने तिच्याविरुद्ध निवेदन काढले. आक्षेप अनेक होते: पाण्याची टंचाई, नाजूक भूमी, एकाच प्रदेशावर हल्ल्याचे संकट; पण मर्मावरचा आक्षेप हा की जेथून जगाला शांतीची सुवार्ता जावयाची तीच भूमी सामूहिक संहाराचे ठाणे व्हावी, हा विपर्यास आहे. त्याच ऑक्टोबरात रेगन सरकारने ती योजना रद्द केली. एरवी लष्करी खर्चास टाळ्या देणाऱ्या त्या संस्थानाचे मत फिरण्यास या निवेदनाचा मोठा हातभार लागला हे सर्वमान्य आहे. १९५१ ते १९६२ या काळात शेजारच्या नेवाडात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांची धूळ दक्षिण युटातील सेंट जॉर्जसारख्या मॉर्मन गावांवर पडली होती आणि तेथे कर्करोगाने घरे रिकामी होत होती, ही पार्श्वभूमीही विसरता येत नाही. टीकाकार म्हणतात, संकट स्वतःच्या अंगणात आले तेव्हा वाचा फुटली. ते खरे धरले तरी, अंगणात आले असताही मौन राखणारी धर्मपीठे जगात कमी नाहीत.

दुर्दैवाने ही परंपरा पुढे चालली नाही. २००३ च्या मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली आणि एप्रिलच्या महाअधिवेशनात हिंकली, जे आता अध्यक्ष होते, युद्ध आणि शांती या विषयावर बोलले. भाषण प्रामाणिक आणि व्यथित आहे. मतभेद असणाऱ्यांस त्यांनी आपले मत शांततेने मांडण्याची मुभा दिली. पण स्वतःचा कौल सरकारच्या बाजूने असल्याचे सूचित केले, आणि आज्ञा पाळणाऱ्या शिपायाला ईश्वर जबाबदार धरणार नाही हे १९४२ चे सूत्र पुन्हा सांगितले.

या सूत्रालाच ज्याने हात घातला तो रॉक वृंद मिनेसोटातील डुलुथचा, नाव ‘लो’. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे शाळेपासूनचे सोबती, पुढे पतिपत्नी, दोघेही श्रद्धावान मॉर्मन. १९९३ साली त्यांनी वृंद स्थापन केला. त्यांचे संगीत म्हणजे बेन्सन-पॅकर यांनी निषेधिलेल्या सर्व लक्षणांचा व्यत्यास: लय इतकी मंद की पुढचा ठोका पडेल की नाही अशी शंका यावी, आवाज हलका, आणि पार्कर उभ्याने, मोजक्याच वाद्यांवर ताल धरीत असे. २००७ साली, इराकचे युद्ध ऐन रंगात असता, त्यांनी ‘ड्रम्स अँड गन्स’ हा संग्रह काढला. त्यातील ‘मर्डरर’ या गाण्यात एक भक्त ईश्वराला नम्रपणे विचारतो की तुझ्या कामासाठी एखादा मारेकरी हवा असेल तर मी हजर आहे. लेबनच्या वधाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या मॉर्मनाला हा प्रश्न कोठून येतो हे सांगावे लागत नाही. आज्ञा वरून आली तर हात स्वच्छ राहतो का, हा प्रश्न १९४२ च्या जाहीरनाम्याने निकालात काढला होता. स्पारहॉकने तो पुन्हा चालू केला, आणि चर्च न सोडता केला. सरकारची निंदा करणारी गाणी त्या वर्षांत पैशाला पासरी होती. आपल्याच श्रद्धेची उलटतपासणी करणारे असे गाणे आमच्या ऐकण्यात दुसरे नाही. मिमी पार्कर २०२२ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने निवर्तल्या आणि तो वृंद तेथे संपला.

रॉकवरचा राग, दरम्यान, केव्हाच निवळला. २०११ साली चर्चने आपल्या जाहिरातमोहिमेत ‘द किलर्स’चा गायक ब्रँडन फ्लॉवर्स याला सन्मानाने पुढे केले, आणि २०२२ साली तरुणांसाठीच्या आचारपुस्तिकेची जी नवी आवृत्ती निघाली तिच्यातून बारीकसारीक निर्बंध काढून निवड तरुणांच्या विवेकावर सोपविण्यात आली. संगीताच्या बाबतीत जो विवेक तरुणाच्या हवाली करण्यास धर्मपीठ आता तयार झाले आहे, तो युद्धाच्या बाबतीत त्याच्या हवाली करण्याची त्याची अजून तयारी नाही, असे आमचे मत आहे. ज्यांना या प्रकरणाची गोडी वाटेल त्यांनी प्रथम किंबॉल यांचा १९७६ चा लेख वाचावा. तो आटोपशीर आहे आणि मॉर्मन नसलेल्यासही समजतो. १९४२ चा जाहीरनामा त्यानंतर वाचावा, आणि मग ‘लो’चा तो संग्रह ऐकावा, पहिल्या ऐकण्यात तो कंटाळवाणा वाटेल, म्हणून दोनदा ऐकावा.